सरांना पाडणार कोण

आमच्या सरांना "तुमची बिल्डिंग" असं कुणी म्हटलेलं खपायचं नाही. रिक्षावाला असो, दूधवाला असो, नाहीतर दिवाळीला आलेले व्याही असोत, सर त्याला तिथल्या तिथं अडवायचे. "माझी न्हाई, आमची. त्यात माझा एक फ्लॅट हाय, तोबी हिच्या नावावर." एका कुरिअरवाल्याला त्यांनी जिन्यात उभं करून मालक आणि नागरिक यांतला फरक समजावून सांगितला होता. तो घाईत होता. शेवटी म्हणाला, "पटलं सर, आता सही करा."

गल्लीत मात्र आजही पत्ता तसाच सांगतात. राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी विचारलंत तर पानवाला म्हणणार, "सरांची बिल्डिंग व्हय? सरळ जावा, डाव्या हाताला." सर आणि काकी आता पन्हाळ्याला राहायला गेले आहेत, तिथली हवा काकींच्या दम्याला मानवते. पत्ता काही बदललेला नाही, आणि खरं सांगायचं तर तो बदलावा असं मलाही वाटत नाही.

सरांनी आयुष्यभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. त्यातही त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला. देश स्वतंत्र झाला, प्रजासत्ताक झालं, झेंडा वर गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं? हे 'दुसऱ्या दिवशी सकाळी' सांगताना सरांचा आवाज खाली यायचा. कोठारात धान्य नाही, शिपायांना सलाम कुणाला ठोकायचा ते कळत नाही, दोन प्रांत म्हणतात आम्ही तुमच्यात नाही, आणि सगळे मिळून एका माणसाच्या तोंडाकडं बघतायत. "मला त्या माणसाची कायम दया येते," सर म्हणायचे. "ढोल वाजवणारी घरला जात्यात, आणि ह्याला सकाळी ऑफिसला जायचं असतं."

निवृत्त झाल्यावर त्यांनी आपलं बैठं घर आणि मागची मोकळी जागा बिल्डरला दिली. तिथं आमची इमारत उभी राहिली, मागं थोडी जागा मोकळी उरली. मी मूळचा कोडोलीचा, मुख्य रस्त्यावर माझं चष्म्याचं दुकान. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला तेव्हा वडील म्हणाले होते, पायाखाली स्वतःची माती नसेल तर ते घर कसलं. वडिलांना मी सरांशी बोलायला पाठवलं. ते परत आले आणि म्हणाले, घे, पण त्या माणसाच्या समोर जास्त बसू नको, तुझं दुकान बंद पडेल.

सोसायटी रजिस्टर झाली त्या संध्याकाळी सरांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. आम्हाला वाटलं चहा-भजी असतील. भजी होतीच, पण आधी भाषण होतं. आजपर्यंत या जागेला मालक होता, सर म्हणाले, आणि मालक होता तोवर सगळं सोपं होतं. काही बिघडलं की मालकाला शिव्या घालायच्या आणि झोपायचं. आता शिव्या कुणाला घालणार? तेव्हा अवघड दिवस आजपासून सुरू झालेत, सर्वांचं अभिनंदन. तळमजल्यावरचे पोवार, ज्यांचा हार्डवेअरचा गाळा आहे, माझ्या कानात म्हणाले, "ह्यांनी फ्लॅट विकलेत का देश?"

मी दुकान बंद करून गेलो होतो, त्यामुळं उशीर झाला होता. आपल्याकडं उशिरा येणाऱ्याला एकतर उरलंसुरलं वाढतात नाहीतर पद देतात. भजी संपली होती, म्हणून मी सेक्रेटरी झालो. चेअरमन अर्थातच सर. बिनविरोध.

कोल्हापुरात चेअरमन या शब्दाला वजन आहे. दूध संस्था असो, सेवा संस्था असो, त्या एका खुर्चीसाठी सख्खे भाऊ वेगळ्या पॅनेलमधून उभे राहतात आणि निकालानंतर एकमेकांच्या बांधावरून जायचे बंद होतात. पोवार स्वतः गावच्या दूध संस्थेला कायम उभे. पण आमच्या बिल्डिंगची खुर्ची कुणालाच नको होती. तिच्यात गुलाल नव्हता, गाडी नव्हती, आणि मुख्य म्हणजे तिच्यात सर बसले होते. कायद्यानं चेअरमन कमिटी ठरवते. सरांना ते पुरेसं वाटेना. त्यांनी नियम करून घेतला की दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आणि जिलेबी झाली की आधी सगळ्या घरांनी मत द्यायचं आणि मग कमिटीनं त्यावर मान डोलवायची. मत द्यायची वेळच येत नसे. सर विचारायचे, "कोण उभं राहतंय?" आणि आम्ही सगळे जिलेबीकडं बघायचो.

सरांच्या कारभाराच्या गोष्टी सांगायला बसलो तर दुकानाची दोन गिऱ्हाइकं जातील. व्हॉट्सॲप ग्रुप निघाला तेव्हा एकाच्याच हातात सत्ता नको म्हणून त्यांनी सगळ्यांना ॲडमिन केलं. पार्किंगवरून भांडण झालं, पोवारांनी एकाला ग्रुपमधून काढलं, त्याच्या मेहुण्यानं पोवारांना काढलं, आणि संध्याकाळपर्यंत त्या ग्रुपात सर आणि वॉचमन एवढेच उरले. "चुकलं माझं," सर म्हणाले. "घटना लिहायच्या आधी स्वातंत्र्य वाटलं." वॉचमन मीटिंगला येऊन पार्किंगवर मत द्यायला लागला तेव्हा सरांनी त्याला चहा दिला, पाठीवर हात ठेवला आणि बाहेर नेऊन बसवलं. सैन्यानं बैठकीत बसायचं नसतं, हे त्याला इतकं प्रेमानं सांगितलं की आपल्याला सैन्य म्हटलं म्हणून तो महिनाभर छाती काढून चालत होता.

पार्किंगच्या रेघा म्हणजे सीमाप्रश्न. पोवारांचा गाळा म्हणजे संस्थान. कारण आपण जिना वापरत नाही, मग मेंटेनन्स कशाला द्यायचा, असं पोवारांचं म्हणणं. सर रोज त्यांच्या दुकानात जाऊन बसायला लागले. मेंटेनन्सचा विषय नाही, तगादा नाही, नुसतं बसायचं आणि गिऱ्हाइकांना राज्यशास्त्र सांगायचं. खिळे घ्यायला आलेला माणूस संघराज्य ऐकून जायचा. पोवारांनी आठवड्याच्या आत शरणागती पत्करली. सरांनी त्यांचा मान राखून बोर्ड गल्लीकडं लावायची कायमची परवानगी दिली आणि वर येऊन मला म्हणाले, विलीनीकरण झालं, रक्त सांडलं न्हाई.

घरात मात्र त्यांचं काही चालायचं नाही. भाजी कुठली करायची यावर मतदान घ्यावं असं त्यांनी सुचवलं होतं म्हणे. काकी म्हणाल्या, "प्रजासत्ताक उंबऱ्याच्या भाईर. आत मी हाय."

आणखी एक खोड होती. त्यांच्या विरोधात कुणी बोललं की सर उठून उभे राहायचे. चिडून नव्हे, मान द्यायला. माणूस घाबरून बोलायचाच थांबायचा. मी त्यांना सांगून बघितलं की सर, तुम्ही बसून ऐका, उभे राहिलात की वाटतं आता आपल्याला वर्गाबाहेर काढणार. त्यावर ते माझ्यासाठीही उठून उभे राहिले.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग आखाड आला.

आखाडात कोल्हापूरकराला मटणाशिवाय दुसरं काही सुचत नाही. पोवारांनी पुढाकार घेतला, गच्चीवर चूल मांडायची, तांबडा-पांढरा करायचा, सगळ्या बिल्डिंगनं जेवायचं. एक घर सोडून सगळे तयार. ते घर म्हणजे गच्चीच्या बरोबर खाली, वरच्या मजल्यावर राहणारे मगदूम. जैन माणसं, मूळची शिरोळकडची. घरात मगदूम वहिनी, त्यांचा नवरा, आणि नवऱ्याची आई. तिला घरात अज्जी म्हणत, म्हणून आम्हीही अज्जीच म्हणायचो. अज्जी कानडीत बोलायची आणि मराठीत रागवायची. त्यांचा चातुर्मास सुरू झाला होता. अज्जी एक वेळ जेवत होती, अंधार पडायच्या आत. तिच्या डोक्यावर मटण शिजणार होतं.

मीटिंग झाली. बहुमत स्वच्छ होतं. आता सर मटणाचे किती शौकीन ते सांगितलं पाहिजे. पांढरा रस्सा ते स्वतः करायचे आणि त्या वेळी स्वयंपाकघरात काकींनाही प्रवेश नसायचा. ते काय म्हणणार याची आम्हाला खात्री होती. सरांनी डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं की गच्चीवर किंवा बिल्डिंगच्या सामाईक जागेत कुठंही मटण शिजणार नाही. विषय संपला.

आणि खरंच संपला. कुणी कुरकुरलं नाही. सर म्हणाले म्हणजे झालं, जागा शेवटी त्यांची, असं म्हणत सगळे उठले. सर खूश होते. मी मिनिट्स लिहून घेत त्यांच्याकडंच बसलो होतो, तेवढ्यात मगदूम वहिनी आल्या. आम्हाला वाटलं आभार मानायला आल्या.

"सर, उपकार झाले," वहिनी म्हणाल्या. "पण एक विचारू काय? तुम्ही नको म्हटलासा म्हणून ती थांबली. उद्या तुमच्या जागी दुसरा आला आणि व्हय म्हणाला, तर? आम्ही काय चेअरमनचा मूड बघून ऱ्हायचं?"

सर उठून उभे राहिले. वहिनी काही घाबरल्या नाहीत. विचारायचं ते विचारलं आणि "येतो" म्हणून गेल्या. आमच्याकडच्या बायका येतो-जातोच म्हणतात, आणि वहिनींच्या तोंडी ते शोभायचंही.

त्या गेल्यावर सरांनी दार लावलं. मग बसले. "पोरगी बरोबर बोलली," ते म्हणाले. "मी न्याय न्हाई दिला, मेहेरबानी केली. राजं लोक करायचे तशी."

मी म्हणालो, पण निर्णय तर चांगलाच होता. त्यावर सरांनी मला जे सांगितलं ते मी आजवर विसरलो नाही. "नव्या प्रजासत्ताकाला सगळ्यात मोठा धोका कुणाचा असतो सांगू? चांगल्या पहिल्या माणसाचा. वाईट असला तर लोक त्याला काढायला शिकत्यात. चांगला असला तर ते शिकायचंच ऱ्हातं, आणि मग एक दिवस त्याच खुर्चीवर वाईट येऊन बसतो." आणि म्हणाले, "मला पाडलं पाहिजे."

मी म्हटलं, मग राजीनामा द्या की. सरांनी माझ्याकडं नापास पोराकडं बघावं तसं बघितलं. राजीनामा दिला तर मी गेलो असं होईल, म्हणाले. त्यांनी मला घालवलं पाहिजे. येत्या सव्वीस जानेवारीला या बिल्डिंगनं मला घालवलं नाही, तर मी इथं काहीही उभं केलं नाही असं समजेन.

हे ते गमतीत म्हणत नव्हते. त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच काळजी ऐकली. वर्गात हजारो पोरांना जे शिकवलं ते स्वतःच्या चार मजल्यांत खरं होत नाही, ही गोष्ट त्या माणसाला रात्रंदिवस टोचत होती.

लोकांनी आपल्याला पाडावं म्हणून सरांनी वाईट वागायचं ठरवलं. एवढी मेहनत करून वाईट वागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पहिला हुकूम निघाला, दाराबाहेर चपला ठेवायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्या चपला आत. कुणीतरी ग्रुपवर टाकलं, जिना किती छान दिसतोय, थँक्यू सर. मग दुपारी कुकरच्या शिट्टीला बंदी आली. बायकांनी स्वयंपाक सकाळी उरकायला सुरुवात केली आणि वर म्हणाल्या, बरं झालं, दुपारी जरा पाठ टेकता येते. सर हवालदिल झाले. त्यांनी मग आमच्या वर्मावर बोट ठेवलं. रविवारी पावण्यांच्या गाड्या आत घ्यायच्या नाहीत. कोल्हापुरात पावण्याची गाडी गेटवर अडवणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. माझे सासरे कोपऱ्यावर गाडी लावून, हातात भाजीची पिशवी घेऊन चालत आले. मी मान खाली घातली. सासरेच म्हणाले, "असू दे. सर म्हणतायत म्हंजे काय तरी असंलच."

त्या संध्याकाळी सर माझ्या दुकानात आले. गिऱ्हाईक नव्हतं. समोरच्या खुर्चीत बसले आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडं बघत राहिले. "आता काय करू रं?" म्हणाले. "कर लावू? अरे, हुकूमशहा असा तयार होतो. त्याचं त्यालासुद्धा कळत न्हाई. मी नाटक करतोय, आणि तुमी खरं मानून खपवून घेतायसा."

मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडं बघून हसवतही नव्हतं. मी म्हटलं, सर, तुमच्यावर जीव आहे लोकांचा. ते म्हणाले, तीच तर अडचण आहे.

डिसेंबरात सरांनी गच्चीला कुलूप लावलं. किल्ली आपल्याकडं. ग्रुपवर मेसेज आला, अध्यक्षांच्या परवानगीशिवाय कुणी वर जायचं नाही. यावरही लोकांनी अंगठे दाखवले. पण थंडीच्या दिवसांत अज्जी रोज सकाळी गच्चीवर उन्हात बसायची. पायांना ऊन लागलं तरच तिला दुपारी चालता यायचं. पहिल्या दिवशी ती कुलपाला हात लावून परत आली आणि पायरीवर बसून राहिली. सरांनी हे सगळं जिन्याच्या वळणावर उभं राहून पाहिलं. काकींनी मला नंतर सांगितलं की त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, किल्ली हातात घेऊन दोनदा उठले आणि दोनदा बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मगदूम वहिनी खाली पोवारांच्या दुकानात गेल्या, कुलूप कापायची पकड मागून घेतली, वर गेल्या आणि कुलूप कापलं. मग कापलेलं कुलूप घेऊन सरांच्या दारात आल्या.

"हे तुमचं कुलूप," त्या म्हणाल्या. "आणि सव्वीस जानेवारीला मी उभी ऱ्हातोय. तुमच्या विरोधात."

सर उठून उभे राहिले. या वेळी त्यांनी ते कुलूप दोन्ही हातांनी घेतलं. वहिनी वळल्या आणि जिना चढून गेल्या. सरांनी दार लावलं आणि ते कुलूप काकींना असं दाखवलं की काकी म्हणाल्या, "नातू झाल्यावरबी एवढं नाचला न्हवतासा."

आता कुणालाही वाटेल की सर सोडून देतील. छे. सरांनी जोरात निवडणूक लढवली. घरोघर गेले. मी त्यांचा सेक्रेटरी, तर माझ्याही घरी येऊन हात जोडून मत मागितलं, चहा घेतला आणि गच्चीला कुलूप का आवश्यक आहे यावर अर्धा तास बोलले. मी म्हटलं, सर, तुमचं तुम्हाला तरी पटतंय का हे? ते गंभीर झाले. "खोटी लढत दिली तर तिचं निवडून येणंबी खोटं ठरंल. मी पडणार न्हाई. मला पाडावं लागंल."

वहिनींनी प्रचार असा केलाच नाही. त्या फक्त पोवारांच्या दुकानात गेल्या. पकड परत द्यायची होती. पोवार म्हणाले, वहिनी, तुमचं सगळं खरं, पण तुम्ही चेअरमन झालात तर आमच्या मटणाचं काय? तेव्हा वहिनींनी सांगितलं, मटण करा. पण आमच्या डोक्यावर नको. खाली, मागच्या मोकळ्या जागेत, आणि भांडी खालीच धुवायची, जिन्यानं न्यायची नाहीत. आणि हे माझ्या मर्जीवर नाही, नियम म्हणून लिहायचं, म्हणजे चेअरमन कुणी का असेना, तुमचं जेवणही चुकणार नाही आणि आमचा चातुर्मासही मोडणार नाही. अज्जीला विचारलंय. ती म्हणाली, आगलि. म्हणजे होऊ दे.

पोवार उडालेच. सरांनी मटण सगळीकडंच बंद केलं होतं, आणि ज्यांच्यासाठी बंद केलं होतं त्यांनीच वाट काढून दिली होती. पोवारांनी आयुष्यात पहिल्यांदा एका बाईचा, तोही फुकट, प्रचार केला. मटण खाणाऱ्यांची एकगठ्ठा मतं कांदा-लसूण न खाणाऱ्या अज्जीच्या सुनेकडं वळली. सरांच्या कुठल्याच पुस्तकात असलं समीकरण नव्हतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, जिलेबी फिरली, आणि पहिल्यांदाच आम्ही तिच्याकडं बघत बसलो नाही. काकींच्या स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या. काकींना सरांनी हळूच विचारलं, कुणाला दिलंस? काकी म्हणाल्या, मतदान गुप्त असतं, नियम तुमचाच आहे. मी चिठ्ठ्या मोजल्या. सर थोडक्यात नाही, चांगलेच पडले.

भाषण त्यांनी तयार करून आणलं होतं, मला माहीत होतं. पराभूत अध्यक्षानं काय बोलावं हे त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. ते उठले, "मी" एवढंच म्हणाले, आणि भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. मग त्यांनी पाण्याच्या मोटरच्या खोलीची किल्ली खिशातून काढली, एक जिलेबी घेतली, दोन्ही गोष्टी वहिनींच्या हातात ठेवल्या आणि वर निघून गेले.

आठवडाभर सर दिसले नाहीत. मी खाली त्यांच्याकडं गेलो तर पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडलेले. काकी म्हणाल्या, लग्न झाल्यापासून घरात एवढी शांतता मी पहिल्यांदा बघतेय, तू काही बोलून बिघडवू नकोस. पण सर उठून बसले.

"मला वाटलं हुतं आनंद होईल," ते म्हणाले. "पडायचं ठरवून पडलो, तरी लागलंच की रं. आज कळलं, ती माणसं खुर्ची का सोडत न्हाईत. मी उगंच त्यांना वर्गात नावं ठेवली."

मला त्या माणसाचं फार प्रेम वाटलं. मी त्यांचा चष्मा घेतला, पुसला आणि परत दिला.

पुढं आखाडात मागच्या मोकळ्या जागेत जेवण झालं, पांढरा रस्सा सरांनीच केला, आणि त्या दिवशी वरच्या मजल्यावर अज्जीला काही कळलंसुद्धा नाही. पण त्याच्या आधीची एक सकाळ सांगायची राहिली. निवडणुकीनंतर काही दिवसांतलीच. तोवर लोक सरांनाच चेअरमन म्हणत होते. वहिनींना वहिनी म्हणत, मान देत, आणि काम निघालं की सवयीनं सरांकडं जात.

त्या सकाळी नळाला पाणी आलं नाही. मोटर बंद पडली होती. सगळे उठले आणि सरांच्या दारात जमले. सर अर्धी दाढी करून बाहेर आले, गालाला फेस तसाच. पोवार म्हणाले, "सर, मोटर बसलीया. बघा की जरा."

सरांना त्या मोटरची नस न् नस ठाऊक होती. इतकी वर्षं तेच खाली जायचे, दोन ठोके द्यायचे आणि पाणी सुरू व्हायचं. त्यांना जायचं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते एवढं स्पष्ट दिसत होतं की मला दुसरीकडं बघावंसं वाटलं. ते म्हणाले, "अध्यक्षांकडं जावा." कुणी हललं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, त्यांना मोटारीतलं काय कळतंय, तुम्हीच बघा.

सर आत गेले. आम्हाला वाटलं पाना आणायला गेले. ते रिकामी बादली घेऊन बाहेर आले आणि खाली जायच्या ऐवजी जिना चढायला लागले. आम्ही त्यांच्या मागं.

वरच्या मजल्यावर वहिनींनी दार उघडलं. हाताला भाकरीचं पीठ होतं. सर बादली खाली ठेवून सरळ उभे राहिले.

"अध्यक्ष, पहिल्या मजल्यावर पाणी न्हाई. तक्रार द्यायला आलोय."

वहिनींनी सरांकडं बघितलं, मग त्यांच्यामागं जिन्यात दाटीनं उभ्या असलेल्या आमच्याकडं. सर, तुम्हीच बघा की, असं म्हणणं त्यांनाही सोपं होतं.

"मिस्त्रीला बोलावतो," वहिनी म्हणाल्या. "तासाभरात येतंय. सगळ्यांच्या बरोबर तुमच्याकडंबी येईल."

"बरं," सर म्हणाले.

त्यांनी बादली उचलली. जिना अरुंद, आम्ही भिंतीला चिकटून त्यांना वाट दिली. गालावरचा फेस वाळत आला होता. ते वळणापर्यंत गेले आणि थांबले, कारण वर कुणीच काही बोलत नव्हतं. पोवार एकदा सरांच्या पाठीकडं बघत होते, एकदा वहिनींकडं. मग त्यांनी घसा खाकरला.

"चेअरमन," पोवार वहिनींना म्हणाले, "तळमजल्यालाबी न्हाई बघा पाणी."

वळणावर थांबलेल्या सरांनी ते ऐकलं, आणि मग ते खाली गेले.